सिंजारची साक्ष आणि मराठवाड्याचे मौन

उत्तर इराकमधील सिंजार पर्वताच्या दक्षिणेस कोचो नावाचे खेडे आहे. तेथील नादिया मुराद ही यझिदी शेतकरी कुटुंबातील मुलगी २०१४ साली एकवीस वर्षांची होती. पुढेमागे एखादे ब्यूटी पार्लर काढावे, एवढेच तिचे स्वप्न होते. त्या वर्षी ३ ऑगस्टला ‘इस्लामिक स्टेट’च्या सशस्त्र टोळ्यांनी सिंजारवर हल्ला केला आणि १५ ऑगस्टला, आपण इकडे झेंडावंदन करीत होतो त्याच दिवशी, कोचोतील पुरुषांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्या संहारात नादियाची आई आणि सहा भाऊ गेले. तिला स्वतःला मोसुल शहरात नेऊन गुलाम म्हणून विकण्यात आले. सुमारे तीन महिन्यांनी ती निसटली. तिला आसरा दिला आणि शहराबाहेर पोहोचविले, ते मोसुलमधील एका मुसलमान कुटुंबाने.

अलेक्झांड्रिया बॉम्बॅक या अमेरिकन दिग्दर्शिकेचा २०१८ मधील ‘ऑन हर शोल्डर्स’ हा अनुबोधपट या मुलीविषयी आहे; परंतु त्या तीन महिन्यांविषयी नाही. कैदेतील प्रसंगांचे नाट्यरूप त्यात नाही, थरार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे तिने साक्ष दिली. त्यानंतरची तिची वणवण हा या चित्रपटाचा विषय आहे. संसद, नभोवाणीचे केंद्र, निर्वासितांची छावणी, पुन्हा विमानतळ, पुन्हा एक सभागृह. सर्वत्र तिला तेच सांगायचे असते आणि सर्वत्र ऐकणाऱ्यांना तेच ऐकायचे असते. मुलाखत घेणारे सौम्य आवाजात, सहानुभूतीने, परंतु नेमके तेच विचारतात: तुझ्यावर काय झाले, किती जणांनी केले, कसे केले. अजून कैदेत असलेल्या मुलींचे काय होणार, तिच्या समाजाला न्याय कसा मिळणार, हे प्रश्न विचारले जावेत अशी तिची अपेक्षा. ते क्वचितच येतात. चित्रपटाच्या नावात खांद्यांचा उल्लेख आहे तो याच ओझ्याचा. कैदेत असताना जे शरीरावर झाले ते सुटकेनंतर शब्दांतून पुन्हा पुन्हा सोसायचे, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, मागे राहिलेल्यांसाठी. २०१८ साली डॉ. डेनिस मुक्वेगे यांच्यासमवेत तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओझे त्यामुळे हलके झाले असेल, असे चित्रपट पाहिल्यानंतर तरी वाटत नाही.

नांदेड किंवा लातूरच्या प्रेक्षकाने हा चित्रपट परदेशातील एका दुर्दैवी घटनेची हकीकत म्हणून पाहावा आणि हळहळून उठावे, यात अस्वाभाविक काही नाही. परंतु त्याने थोडे थांबावे. युद्धाच्या आणि सूडाच्या काळात स्त्रिया पळवून नेल्या जाणे ही गोष्ट गोदावरी-मांजरेच्या खोऱ्याला परकी नाही. फरक एवढाच की सिंजारची मुलगी जगापुढे बोलली, आणि आपल्याकडील एकही स्त्री बोलली नाही. किंवा कोणी बोललीच असेल, तर ते चार भिंतींच्या बाहेर आले नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन साजरा होतो. शाळांतून भाषणे होतात, हुतात्मा स्मारकांवर फुले वाहिली जातात. त्या भाषणांतील बहुतेक सर्व गोष्टी खऱ्या आहेत. निजामी राजवट अन्यायी होती. १९४७–४८ मध्ये रझाकारांनी जो उच्छाद मांडला त्याने खेडीच्या खेडी ओस पडली. या संघटनेचा सूत्रधार कासिम रझवी लातूरलाच वकिली करीत असे. हजारो कुटुंबे संस्थानची हद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, उमरखेडकडे गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा, बिलोली तालुक्यातील अर्जापूरला गोविंदराव पानसऱ्यांचे १९४६ मधील बलिदान, १९४८ च्या जानेवारीतील उमरी बँकेवरील धाड, हे सर्व मराठवाड्याने जपले आहे आणि जपलेच पाहिजे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निजामाने शस्त्रे खाली ठेवली.

भाषणे येथे संपतात. इतिहास मात्र संपला नव्हता. सैन्याच्या पाठोपाठ, आणि काही ठिकाणी त्याच्या देखत, सूडाची लाट उसळली. ज्यांनी रझाकारीत हात रंगविले होते त्यांच्यापैकी अनेक निसटून गेले. मागे राहिलेल्या सामान्य मुसलमान वस्त्यांनी त्याची किंमत मोजली. परिस्थितीची पाहणी करून सलोखा घडवून आणावा यासाठी भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघेजण हैदराबादला गेले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी सोळांपैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला आणि जी गावे त्यांना पाहता आली नाहीत अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांच्या जबान्या ऐकल्या. त्यांच्या अहवालातील अंदाजानुसार सर्व संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांचा आकडाच १८ हजारांच्या खाली नव्हता. येथे नकाशा नीट लक्षात घेतला पाहिजे. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर बीदर जिल्ह्यात होते. आजचा लातूर जिल्हा १९८२ चा. म्हणजे त्या चार जिल्ह्यांपैकी तिहींचा काही ना काही भाग आजच्या नांदेड-लातुरात आहे. एकट्या लातूर शहराविषयी समितीने नोंदविले की तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या, आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला तेथे जेमतेम तीन हजार आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते, उरलेले परागंदा झाले होते.

हा अहवाल दीर्घकाळ सरकारी दप्तरात राहिला. १९८८ साली उमर खालिदी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात त्याचा काही भाग आला, ए. जी. नूराणी यांच्या २०१३ मधील हैदराबादविषयक पुस्तकाने तो सर्वांना सुलभ केला. समितीच्या आकड्यांविषयी वाद आहेत आणि ते होत राहतील. तीन माणसांनी तीन आठवड्यांत केलेली पाहणी ती. तिला जनगणनेची अचूकता कोठून येणार? परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आकड्यांपेक्षा महत्त्वाची अशी एक गोष्ट त्यात आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

रझाकारांच्या कारवायांचे वर्णन करताना अहवाल सांगतो की ते गावोगाव खंडणी बसवीत. दिली तर गाव सुटे, नाकारली तर लूट होई, आणि लुटीला विरोध झाला तर जाळपोळ, खून, बलात्कार आणि स्त्रियांचे अपहरण. पुढे पोलीस ॲक्शननंतरच्या अत्याचारांचे वर्णन येते. तेथे पुन्हा तीच यादी आहे: लूट, जाळपोळ, खून, बलात्कार, स्त्रियांचे अपहरण. यातील काही स्त्रिया तर संस्थानाबाहेर, सोलापूर-नागपूरसारख्या शहरांपर्यंत नेल्या गेल्या. एकाच दस्तऐवजात काही परिच्छेदांच्या अंतराने अपहृत हिंदू स्त्री आणि अपहृत मुसलमान स्त्री अशा दोघी आहेत. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत त्यांना पुन्हा एका पानावर कोणी आणलेले दिसत नाही.

ज्या स्त्रियांनी त्या काळी शस्त्र हाती घेतले त्यांची नावे मराठवाड्याने विसरली नाहीत. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके, इटच्या गोदावरीबाई टेके यांच्याविषयी आजही आदराने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. लढली ती वीरांगना झाली. मेली ती हुतात्मा झाली. परंतु जी लढू शकली नाही आणि मेलीही नाही, जिला कोणी ओढून नेले आणि जी त्यानंतर पन्नास-साठ वर्षे जगली, तिच्यासाठी आपल्या गौरवाच्या भाषेत शब्दच नाही. बोलभाषेत एक आहे, तो ‘बाटलेली’. अपराध करणाऱ्याला न लागणारा कलंक जिच्यावर अपराध झाला तिला लावणारा हा शब्द. मुसलमान वस्तीतही अब्रूची कल्पना याहून निराळी नव्हती. शिवाय तेथे भीती होती, आणि कर्ता पुरुष नाहीसा झाल्यामुळे पोटाचा प्रश्न होता. तेव्हा त्या बायका गप्प राहिल्या असे म्हणण्यापेक्षा त्यांना गप्प बसण्यावाचून दुसरे काही करू दिले गेले नाही, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

सिंजारमध्ये यासंबंधी जे घडले ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. यझिदी हा अत्यंत बंदिस्त समाज. धर्माबाहेर विवाह झाला तर माणूस समाजाला कायमचा मुकतो, इतके त्यांचे नियम कडक. अशा समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू बाबा शेख यांनी सिंजारवरील हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत जाहीर केले की परतणाऱ्या मुली आपल्याच आहेत, त्यांच्यावर जे झाले त्याचा दोष त्यांच्याकडे नाही, त्यांना सन्मानाने घरात घ्यावे. लालिश येथील पवित्र झऱ्याच्या पाण्याने त्यांना पुन्हा समाजात घेण्याचा विधी सुरू झाला. नादिया मुराद सुरक्षा परिषदेपुढे उभी राहू शकली, यात तिचे धैर्य आहेच. परंतु त्या धैर्यामागे एका वृद्ध धर्मगुरूने उघडलेले दारही आहे. हे दार पुरते उघडले नाही, हेही सांगितले पाहिजे. कैदेत जन्मलेल्या मुलांना स्वीकारण्याविषयी २०१९ साली निघालेले फर्मान काही दिवसांतच मागे घेतल्यासारखे झाले, आणि अनेक आयांपुढे समाज की मूल असा क्रूर पर्याय उरला.

आपल्याकडेही असे दार उघडण्याचा प्रयत्न झाला होता. फाळणीच्या काळात पंजाबातील अपहृत स्त्रियांना कुटुंबांनी निःसंकोचपणे परत घ्यावे, असे आवाहन गांधीजींनी आणि नेहरूंनी केले. त्या स्त्रियांच्या शोधासाठी १९४९ साली कायदाही झाला. १ मार्च १९४७ नंतर आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी ज्यांची कुटुंबापासून ताटातूट झाली, अशा मुसलमान स्त्रिया व सोळा वर्षांखालील मुलगे यांना शोधून परत पाठविण्याची तरतूद त्यात होती. ही मुदत पाहिली तर लातूर-नांदेडमधील घटना तिच्यात नेमक्या बसतात. परंतु कायदा लागू झाला तो संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पेप्सू आणि राजस्थान यांना. हैदराबाद त्यात नव्हते. आणि रझाकारीत पळविल्या गेलेल्या हिंदू स्त्रीचा तर त्याच्या व्याख्येतच समावेश नव्हता.

हा कायदा येथे आला असता तर सगळे सुरळीत झाले असते, अशा भ्रमात मात्र राहू नये. पंजाबात दोन्ही देशांच्या पथकांनी मिळून सुमारे तीस हजार स्त्रिया शोधून परत पाठविल्या, पण त्यांची इच्छा कायद्याने विचारलीच नव्हती. काहींचा नवा संसार झाला होता, मुले झाली होती. त्या जाण्यास तयार नव्हत्या. त्यांना न्यायाधिकरणाच्या हुकमाने नेण्यात आले. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांतून या स्त्रियांच्या हकीकती प्रथमच विस्ताराने मांडल्या. म्हणजे घटनेनंतर पन्नास वर्षांनी. पंजाबला निदान ती पुस्तके मिळाली. मराठवाड्याच्या वाट्याला एक गोपनीय अहवाल आला, आणि त्यातील दोन-चार वाक्ये.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. जुन्या जखमा आता कशाला उकरायच्या? दोन्ही समाज आज मोंढ्यात, शाळेत, कचेरीत शेजारी शेजारी वावरतात. या गोष्टी काढल्या तर वैरच वाढेल. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असू शकतो. परंतु जखम झाकल्याने ती विसरली जाते, असा अनुभव नाही. ती झाकलेली राहते तोवर तिचा मनाजोगा उपयोग करणारे पुढे येतात. रझाकारांच्या अत्याचारांवर २०२४ साली ‘रझाकार’ नावाचा तेलुगू चित्रपट निघाला. त्यात काय घडले ते आहे, त्यानंतर काय घडले ते नाही. उलट बाजूने पाहावे तर पोलीस ॲक्शननंतरच्या हत्यांविषयी तळमळीने लिहिणाऱ्या काहींना त्याआधीचे वर्ष आठवत नाही. प्रत्येकजण अहवालाचे अर्धे पान फाडून नेतो. आणि दोन्ही अर्ध्यांवर स्त्री असते ती पुरावा म्हणून: ‘त्यांनी’ आमच्या बायकांचे काय केले, याचा. ती स्वतः कोण होती, पुढे तिचे काय झाले, हे विचारण्याची गरज कोणालाच भासलेली नाही. नादियाच्या मुलाखतकारांचा दोष निदान असा होता की त्यांनी चुकीचे प्रश्न विचारले. आपण कोणताच विचारला नाही.

मग आता कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत निघावे काय? नव्हे. १९४८ साली सोळा वर्षांची असलेली मुलगी आज हयात असेल तर तिने नव्वदी ओलांडली असेल. नातवंडा-पतवंडांच्या घरात, कदाचित बदललेल्या नावाने राहणाऱ्या वृद्धेच्या दारात दिवे आणि यंत्रे घेऊन उभे राहणे हा दुसरा अत्याचार होईल. यझिदी स्त्रियांच्या सुटकेवरच काढलेला ‘सबाया’ हा २०२१ मधील स्वीडिश अनुबोधपट या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अल-होल छावणीतून जिवावर उदार होऊन मुलींना सोडविणाऱ्या कार्यकर्त्यांचे ते विलक्षण चित्रण; त्याला मानाचे पारितोषिकही मिळाले. त्यानंतर त्यात दिसणाऱ्या काही स्त्रियांनी सांगितले की आपली संमती घेतलीच नव्हती, किंवा कशाला संमती देत आहोत ते आपल्याला कळले नव्हते. नुकत्याच कैदेतून सुटलेल्या, नजर खाली असलेल्या मुलीने मान डोलावली म्हणजे होकार झाला, असे मानणारा दिग्दर्शक कितीही सद्हेतूचा असला तरी ऐकणारा नव्हे.

ऐकण्याची एक निराळी रीत आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ १९९४ पासून आहे. इतिहासाचे विद्यार्थी आहेत, गावोगाव शिक्षक आहेत, ज्यांच्यापाशी म्हातारी माणसे अजूनही मन मोकळे करतात. ज्या स्त्रीला बोलायचे असेल, किंवा आईने-आजीने मरणापूर्वी जे सांगितले ते ज्यांना नोंदवून ठेवावेसे वाटत असेल, त्यांचे कथन नाव-गाव झाकून, छायाचित्राशिवाय, त्यांच्या हयातीत उघड न करण्याच्या हमीवर जतन करता येईल. हिंदू आणि मुसलमान अशा दोन कपाटांत नव्हे, एकाच कपाटात. जिला बोलायचे नसेल तिला एका शब्दाने विचारू नये. इराकच्या संसदेने १ मार्च २०२१ रोजी यझिदी स्त्रियांसाठी कायदा करून निवृत्तिवेतन, जमीन आणि शिक्षणाची तरतूद केली, तीही सहा हजारांहून अधिक माणसे पळविली गेल्यानंतर आणि अडीच हजारांहून अधिक बेपत्ता असताना. आपल्याकडे तशा भरपाईची वेळ केव्हाच निघून गेली. नोंद करण्याची वेळ अजून थोडी शिल्लक आहे.

सुंदरलाल समितीने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचविले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. तसेच अपहृत मुसलमान स्त्रियांना शोधून परत आणण्याच्या कामी अनेक हिंदूंनी मदत केली. मोसुलमध्ये नादियाला दार उघडणाऱ्या कुटुंबाच्याच जातीची ही माणसे. कोणत्याही हुतात्मा स्मारकावर, मुक्तिदिनाच्या कोणत्याही भाषणात त्यांची नावे येत नाहीत. ज्यांच्या घरी अशी गोष्ट सांगितली जात होती, अशी कुटुंबे नांदेड आणि लातूरच्या जुन्या पेठांत आजही असतील. ज्यांच्या जबान्या समितीने ऐकल्या त्या १०९ गावांपैकी आपल्या तालुक्यातील कोणती, एवढे शोधण्यापासूनही एखाद्या विद्यार्थ्याला आरंभ करता येईल.